जहाजावर नळ किती दिवसाला येतो

…अन् वरतून मलाच म्हणतात, लीलाबाई, तुम्ही घाबरता लई. घाबरू नको तर काय करू, फुगड्या घालू? पोटची पोर पाण्यावर सोडलीय मी. रस्त्यावर नाय, रेल्वेत नाय, पाण्यावर. खाली पाणी, चारी बाजूला पाणी, पाऊस आला तर वरून बी पाणी, अन् मधी एक लोखंडाचं डबडं, त्यात माझी रूपा वही-पेन घेऊन बसलेली. माझ्या हातातनं उलथणं बादलीत पडलं तर सरळ तळाला जातं, अन् हे मला सांगतात की दहा मजली लोखंड तरंगतं. तरंगत असंल. पण कवापर्यंत?

थांबा, डबे भरते, भाजीला अजून एक शिट्टी बाकी हाये, तवर ऐका. रोज डबा नेता, बाईच्या जिवाला काय लागलंय ते कुणी विचारत नाय, भाजीत मीठ कमी झालं की तेवढं बरोबर विचारता.

तर रूपा. आमची मोठी, यंदा विसावं लागलं. इथंच कॉलेजात पाण्या-मातीचं कायतरी शिकत व्हती. एक दिवस धापा टाकत आली अन् म्हणली, "आई, माझा नंबर लागला." मी म्हणलं, "कशात, टँकरच्या लायनीत?" कारण आमच्या घरात नंबर लागणं म्हणजे तेच. तर म्हणती, "नाय गं, जहाजावरच्या कॉलेजात. स्कॉलरशिप मिळाली. एकशेचार दिवस. जहाज चालत ऱ्हातं, वर्ग भरत ऱ्हातात, अन् मधी मधी देश येतात."

देश येतात. ऐकलं का? जसं गाडीत बसलं की पोटूळ येतं अन् मग लासूर येतं, तसे हिला देश येणार. व्हिएतनाम येणार, आफ्रिका येणार. मी म्हणलं, "बाई, कॉलेज एका जाग्यावर असतं म्हणून तर मास्तर सापडतो. हलत्या कॉलेजात कोण कुणाला शिकवणार?" अन् आठ दिवसाला नळ येणाऱ्या गावातली पोर, तिला कशाला पायजे समुद्र?

आता एकशेचार दिवस म्हणजे किती, ते मला दिवसात कळत नाय. आमच्या उस्मानपुऱ्याच्या गल्लीत कुणालाच कळत नाय. आमच्याकडं नळ आठ दिवसाला, तर आम्ही समदं नळावर मोजतो. लेक बाळंतपणाला आली, चार नळ ऱ्हायली. पाव्हणे नळाच्या आदल्या दिवशी आले, म्हणजे माणसं वाईट. तर मी भिंतीला टेकून बोटं मोजली. एकशेचारात आठ किती वेळा? तेरा. तेरा नळ माझी पोरगी पाण्यावर.

मी म्हणलं, नाय जायचं. मी म्हणलं की आमच्या घरात विषय संपतो. आमचे हे, कडुबा, वाळूजला कंपनीत हायेत, ते तर मी नाय म्हणायच्या आधीच मान हलवतात. पण पोरगी माझी हाये ना. भांडली नाय, रडली नाय. नुसतं भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बोट केलं अन् म्हणली, "ते कशानं गेले व्हते गं शिकायला?"

झालं की वो. बोटीनंच गेले व्हते. लहानपणापासनं "शिक, शिक" म्हणून मीच डोकं खाल्लेलं तिचं. मी आपली भाकरी थापायला बसले. पण थापता थापता मनात आलं, ते गेले खरं, पण मागं रमाई घरी बसली व्हती, तिला कसं वाटलं असंल? त्या माऊलीला तर फोन बी नव्हता.

अन् मग आमच्या वरच्या मजल्यावरची भामाबाई. बाईला दुसऱ्याची भीती वाढवायची इतकी हौस की काय सांगू. नारळ घेऊन आली अन् बसल्या बसल्या म्हणली, "जाऊ दे पोरीला, चांगलंच हाये. बाबासाहेबांचं सामान घेऊन येणारं जहाज तेवढं बुडालं व्हतं बघ. पुस्तकं गेली समदी. ते स्वतः दुसऱ्या बोटीत व्हते म्हणून…" हे रूपानं मला सांगितलं नव्हतं. नेमकं तेवढंच सांगितलं नव्हतं. अन् जाता जाता दारातनं म्हणती, "समुद्रात काय झालं तर म्हणे मैत बी घरी आणत नाय, तिथंच सोडतात." नारळ ठेवला अन् गेली. त्या नारळाची चटणी केली मी, अन् समदी तुमच्या डब्यात घातली.

मी समुद्र पाह्यलेला नाय. खोटं कशाला बोलू? माझं माहेर पाचोड, तिथं विहीर. माझी शाळा चौथीत सुटली ती बी त्या विहिरीवरच, कारण दोर ओढायला हात पायजे व्हता. पुढं लग्न झाल्यावर ह्यांनी एकदा पैठणला धरण दाखवायला नेलं. तेवढं पाणी एका जागी बघून मी पदर डोक्यावर घेतला, सासरा समोर आल्यावानी. हे हसले. पण मी काठाच्या जवळ गेले नाय. चौथीच्या पुस्तकात व्हतं, पृथ्वीवर तीन भाग पाणी अन् एक भाग जमीन. आम्हाला वाटायचं, बाईंना चुकून उलटं शिकवलं असंल. तीन भाग पाणी हाये तर आमच्या विहिरीत का नाय? आता त्या तीन भागावर माझी पोरगी.

चिकलठाण्याला विमानतळावर सोडायला गेलो. विमानाचं मला काय वाटलं नाय. विमान पडलं तर जमिनीवर पडंल, हुडकता तरी येईल. तिथं दारात तिला जवळ घेतलं अन् कानात सांगितलं, "हे बघ, लोकांना काय विचारायचं ते नंतर विचार. जहाजावर पाय ठेवला की पहिलं विचार, इथं नळ किती दिवसाला येतो? अन् आला की भरून ठेव. लाजू नको. भरलेलं भांडं कवा वाया जात नाय."

हसली. "आई, तिथं चोवीस तास असतं." मी म्हणलं, "आज असतं."

हे मी म्हणलं. माझ्याच तोंडानं म्हणलं. ध्यानात ठेवा.

मग सुरू झाले माझे तेरा नळ. खालच्या मजल्यावर सुलेखा ऱ्हाती, इंग्रजी शाळेत मास्तरीण हाये, तिनं माझ्या मोबाईलवर कायतरी टाकून दिलं, त्यात समदं निळं अन् मधी एक ठिपका. "काकू, हा ठिपका म्हणजे रूपाचं जहाज." एवढुसा. उवेएवढा. उठले की कणिक मळायच्या आधी मी ठिपका बघायची. हललाय का? हललाय. मग कणिक. एक दिवस हललाच नाय. पहाटे नाय, उजाडलं तरी नाय. त्या दिवशी तुमच्या आमटीत दोनदा मीठ पडलं, ते आठवतं ना तुम्हाला? मी सुलेखाच्या शाळेत गेले, वर्गातनं बाहेर बोलावली. तिनं मोबाईल पाह्यला अन् म्हणली, "काकू, ते बंदरात उभं हाये. गाव आलंय. पोरं फिरायला उतरलीत." मी म्हणलं, "मग तसं लिहायला काय झालं ठिपक्याला?"

रूपाचा फोन यायचा. ती आपली सांगायची, आई इथली देवळं अशी, आई इथं लोक सायकलीवर डुकरं नेतात, आई माझी मैत्रीण केनियाची हाये. मी विचारायची, "पाणी कसं हाये?" ती म्हणायची, "कुठलं, प्यायचं का खालचं?" मी म्हणायची, "दोन्ही सांग." एकदा म्हणली, "आई, इथं समुद्राचं खारं पाणी मशीनमधी घालून गोड करतात. दिवसभर. मी त्याच्यावरच अभ्यास करतीय, मला खाली मशीनपाशी जाऊ देतात." मी म्हणलं, "खाली म्हणजे किती खाली?" "पाण्याच्या लेव्हलच्या खाली." दोन दिवस जेवले नाय मी.

अन् आमचा नळ तरी कुठं सरळ? पाचवा नळ अकराव्या दिवशी आला, लाईन फुटली म्हणे. ते तीन दिवस मला वाटलं जहाज बी तिथंच अडकलंय. सुलेखा म्हणती, "काकू, नळाचा अन् जहाजाचा संबंध नाय." शिकलेल्या माणसाला संबंध दिसत नाय, हे मी मागंच पाह्यलंय.

तर सातवा नळ. आता ऐका, हेच सांगायचं व्हतं.

दुपारचे अडीच. ड्रम घासून पालथे घातलेले, पाईप जोडलेला, गल्लीतल्या समद्या बायका दारात, आज येणार म्हणून कान नळाकडं. अन् माझा फोन वाजला. नंबर भलताच लांब, मुंगळ्याच्या रांगेवानी. व्हिडिओचा फोन, माणूस दिसतो तसला. उचलला तर रूपा नाय. एक गोरी म्हातारी, पांढरे केस, गळ्यात जहाजाचा बिल्ला. "मिसेस लीला-बाय?" मी म्हणलं, "व्हय." त्याच्या पुढं तिनं जे सुरू केलं, त्यातला एकच शब्द मला कळला. रूपा. दुसऱ्याच्या तोंडून आपल्या पोरीचं नाव, अन् पोरगी समोर नाय. मी तशीच मोबाईल हातात धरून जिन्यानं खाली पळाले, सकाळच्या शाळेहून आलेली सुलेखा जेवत व्हती, तिच्या ताटासमोर मोबाईल धरला. म्हणलं, "ऐक, काय म्हणती ही. अन् मला एकदम सांगू नको."

सुलेखानं ऐकलं. घास खाली ठेवला. अन् म्हणली, "काकू, त्या म्हणतायत, काल जहाजात पाणी सापडलं."

मी बसले. खुर्ची नव्हती, तरी बसले.

"काकू, काकू, थांबा. तिसऱ्या मजल्यावर एका मास्तरच्या गादीवर वरून पाणी टपकत व्हतं. समद्यांना वाटलं जहाजाला भोक पडलं. भोंगा वाजला. हजार माणसं जाकिटं घालून वर जमली. खलाशी भोक शोधत फिरले."

मी म्हणलं, "सापडलं का?"

सुलेखा म्हणली, "सापडलं. पाणी रूपाच्या खोलीतनं येत व्हतं."

आता मडमनं मोबाईल फिरवला, अन् रूपा दिसली. मान खाली घालून बसलेली. जिवंत. पहिलं मी तेवढंच पाह्यलं, जिवंत हाये. मग तिच्या मागं पाह्यलं. मागं, तुम्हाला सांगते, आमचं घर व्हतं. म्हणजे आमच्या मोरीत नळाच्या दिवशी जसं असतं तसं. बाटल्या, बाटल्या, बाटल्या. कचऱ्याचा डबा धुऊन भरलेला, वर ताट झाकलेलं. फुलदाणी भरलेली. पावसाळी बूट, दोन्ही, काठोकाठ. अन् मैत्रिणीचं भात शिजवायचं भांडं. काल लाट आली, जहाज कललं, हिच्या दोन बादल्या सांडल्या अन् पाणी खालच्या मास्तरच्या गादीवर गेलं.

मी म्हणलं, "रूपे, हे काय?"

म्हणती, "आई, एक दिवस सकाळी नळ बंद व्हता. टाकीचं काम व्हतं म्हणे, दुपारी आलं. पण मला तुझं आठवलं. मग आलं की भरून ठेवायला लागले."

"अगं, पण चोवीस तास असतं म्हणलीस ना?"

"तूच म्हणलीस, आज असतं."

सुलेखानं हे मडमला सांगावं का नाय, म्हणून माझ्याकडं पाह्यलं. मी म्हणलं, सांग. मग मडम, जहाजावर पोरांची देखरेख तिच्याकडंच, ती बोलली, लई मऊ आवाजात. दवाखान्यात डॉक्टर मऊ बोलायला लागला की जशी भीती वाटती, तसल्या आवाजात. रूपानं मान अजून खाली घातली अन् भाषांतर केलं नाय. सुलेखानं केलं. "काकू, त्या म्हणतायत, पोरगी हुशार हाये, पण तिला पाण्याची भीती बसलीय असं त्यांना वाटतं. चार दिवसांनी पुढचं बंदर येईल. तिथं उतरवून विमानानं घरी पाठवता येईल. रूपा म्हणती मी ठीक हाये. पण तुम्ही आई, तुम्ही म्हणाल तसं."

सात नळ. सात नळ मी ह्याच वाक्याची वाट बघत व्हते. रोज बुद्धवंदना म्हणताना मनात हेच, पोरगी घरी येऊ दे. अन् आता ते वाक्य माझ्या हातात आणून दिलं, मी न मागता, अन् शिक्का मारायला मीच. एक शब्द. पाठवा. जिभेवर आलेला व्हता. मी रूपाकडं पाह्यलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. पाठवा म्हणले असते तर काय बोलली नसती ती. मला ठावं हाये. कारण एकदा असंच झालंय.

दहावीला व्हती. सराव परीक्षा, गणिताचा पेपर. नळ तीन दिवस लांबलेला, तो नेमका भर दुपारी आला, अन् माझा हात भाजलेला, पट्टी बांधलेली. मी शाळेत गेले अन् शिपायाला खोटं सांगितलं, घरी पाव्हणे आलेत, पोरीला सोडा. अर्धा पेपर तसाच ठेवून आली. पाईप धरला, ड्रम भरला. एक शब्द बोलली नाय. आजवर बोलली नाय. बोलली असती तर बरं झालं असतं, मी चार शिव्या दिल्या असत्या अन् विसरले असते.

मडम थांबलेली, सुलेखाचं ताट गार झालेलं, अन् वरतून भामाबाई बोंबलली, "नळ आला गंऽऽ!"

अन् काय सांगू तुम्हाला. तिकडं कुठं आफ्रिकेच्या पलीकडं, त्या मोबाईलमधी, रूपा खाडकन उठली. उभी ऱ्हायली अन् इकडंतिकडं बघून शेजारची बादली उचलली. मडम बघतच ऱ्हायली. मी इकडं सुलेखाच्या मोरीतली बादली धरून उभी, ती तिकडं उभी, दोघींचा हात बादलीवर.

मला हसू आलं वो. सात नळात पहिल्यांदा. मी म्हणलं, "सुलेखा, मडमला सांग. ही भीती नाय, ही सवय हाये. भीती मला हाये. भीती समदी इथं ठेवून घेतलीय मी, तिच्यासंगं दिलीच नाय. भांडी काढून घ्या अन् पोरगी ठेवा. तिथं खाऱ्याचं गोड कसं करतात ते शिकतीय ती, अर्ध्यावर उठवू नका. एकदा मी उठवली व्हती, नळासाठी. आता परत नाय."

रूपानं वर पाह्यलं. मग तिनंच मडमला इंग्रजीत सांगितलं, तीन शब्दांत. मी सुलेखाला विचारलं, "एवढं मोठं मी बोलले, तीनच शब्द?" सुलेखा डोळे पुसत म्हणली, "'मी इथंच ऱ्हाणार.' पुरतात काकू."

मडम परत मऊ आवाजात कायतरी लांबलचक. सुलेखा म्हणली, "त्या म्हणतायत, तुम्ही लई शूर हायेत." मी म्हणलं, "तिला सांग, शूर-बिर काय नाय, पाऊण तास असतो नळ, त्यातली दहा मिनिटं हिच्यात गेली. ठेव म्हणावं फोन."

पळाले. भरलं समदं. रूपाचा ड्रम व्हता कोपऱ्यात, तिच्या वाटणीचा, तो बी भरला. संध्याकाळी हे कंपनीतनं आले, त्यांना सांगितलं. ऐकलं, मग म्हणले, "बोलवायची ना." मी म्हणलं, "तुम्ही बोलवली असती?" तर मान हलवली. व्हय का नाय, ते मला वीस वर्षांत कळलेलं नाय.

तेवढ्यात रूपाचा आवाज आला मोबाईलवर, रेकॉर्ड करून धाडलेला. हळू बोलत व्हती, कुणी ऐकंल म्हणून. "आई, समदं नेलं त्यांनी. बूट बी वाळवून दिले. खालच्या मास्तरची माफी मागितली. पण आई, एक बाटली ठेवलीय गादीखाली. सांगू नको कुणाला."

झाली भाजी. झाकण घट्ट लावा, सांडत जाती. ऱ्हायले अजून सहा नळ, लाईन फुटली नाय तर. रागवावं म्हणून मोबाईल तोंडाशी धरला, बटण दाबलं, अन् म्हणलं, "एकीनं काय होतंय? दोन ठेव."